अंगठ्याचं दर्शन

आमच्या घरी या हिवाळ्यात जेवढी माणसं येऊन गेली, तेवढी आमच्या लग्नालासुद्धा आली नव्हती. सगळी ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा बघायला. अंगठ्याच्या तळाशी रुपयाएवढी जखम होती. तिचं दर्शन घ्यायचं, चहा प्यायचा, एखादा घरगुती उपाय सांगायचा आणि समाधानानं घरी जायचं, असा मंडळींचा क्रम होता. मी मालिनी, त्या अंगठ्याची बायको. म्हणजे बायको अर्थात गोविंदरावांची. पण त्या दिवसांत अंगठा पुढं आणि हे मागं, अशीच परिस्थिती होती.

आमचे हे कोण ते सांगायला हवं, कारण एरवी कोणी विचारत नाही. ह्यांचं घराणं पंचवटीतलं, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारं. त्या घरात जो जन्मतो त्याचा आवाज गोदावरीच्या पलीकडच्या घाटावर ऐकू जातो. सासरे तसेच होते, मोठे भाऊजी तसेच आहेत, आणि भाऊजींच्या मुलांना माइक दिला तर माइकच दचकतो. ह्यांच्या वाटणीला मात्र आवाज उरला नाही. म्हणून ह्यांनी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकुनी धरली आणि सगळी नोकरी एका खुर्चीत काढली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात ह्यांना तीनतीनदा गोपाळराव म्हटलं. ह्यांनी हार घालून घेतला, नारळ घेतला, नमस्कार केला. घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, सांगितलं का नाहीत, मी गोविंद म्हणून?" तर म्हणे, "त्यांचं भाषण चाललं होतं. मध्येच कसं बोलणार?"

आणि घरी मी. मी शाळेत मराठी शिकवलं. 'गप्प बसा' हे माझ्या तोंडातून आपोआप निघतं, मग समोर आठवीचा वर्ग असो की नवरा. आता निवृत्त झाले तरी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांची शिकवणी घेते, नाहीतर घसा गंजेल. तर असा संसार. एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं. भांडण म्हणून नव्हतं कधी, भांडायला दोन तोंडं लागतात.

ह्यांना मधुमेह आहे, चांगला मुरलेला. पायांची जाणीव हळूहळू गेली आणि ह्यांनी तीही तक्रार न करता जाऊ दिली. रोज सकाळी गंगापूर रोडनं फिरायला जायचे. सध्या कुंभाच्या तयारीत जिकडं तिकडं खणलंय, कडेला खडी पसरलीये. त्यातला एक खडा बुटात शिरला, आणि त्याला बरोबर घेऊन हे अख्खी फेरी मारून आले. दारात बूट काढला तर मोजा लाल. मी किंचाळले. हे खाली वाकून म्हणाले, "अरेच्चा, हा कधी आला?" जसा काही खडा नव्हे, मेव्हणाच!

तेजश्री ही माझी शाळेतली विद्यार्थिनी, आता सर्जन झालीये. मला अजून बाई म्हणते. शाळेतही मला घाबरत नव्हती, आताही नाही. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली आणि मला दम भरला. "बाई, पट्टी मी उघडणार. फक्त मी. घरी कोणी हात लावायचा नाही. आणि काकांनी या पायावर भार द्यायचा नाही. मधुमेहाची जखम फार हट्टी असते."

पण आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे खरोखरच बघायचं असतं. ताप असेल तर कपाळाला हात लावायचा. हात मोडला असेल तर एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरायचा आणि आपल्याला काही कळतंय अशी मान हलवायची. जखम असेल तर एकच शब्द, "बघू?" त्याला नाही म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवणं. एवढी रिक्षा करून, बिस्किटांचा पुडा घेऊन आलेल्या माणसानं काय नुसती पांढरी पट्टी बघून जायचं?

पहिले आले मोठे भाऊजी. "बघू रे गोविंदा," म्हणाले. ह्यांनी पट्टीचं टोक सोडलं. भाऊजींनी वाकून बघितलं आणि, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, भाऊजी चक्क गप्प झाले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "फार दुखत असेल रे." हे म्हणाले, "छे, अजिबात नाही. तीच तर गंमत आहे." आणि बोलायला लागले. खडा कसा होता, मोजा कसा भिजला, डॉक्टरीण काय म्हणाली. भाऊजी ऐकत होते. उभ्या जन्मात पहिल्यांदा थोरल्यानं धाकट्याचं ऐकलं. ह्यांचा चेहरा असा उजळला होता की मला ओरडायचं सुचलंच नाही. ओरडले, पण भाऊजी लिफ्टमध्ये शिरल्यावर.

"अहो, तेजश्रीनं काय बजावलंय?"

"एकदाच गं," हे म्हणाले.

ते 'एकदाच' मग रोज व्हायला लागलं. भाऊजींनी सगळ्या पंचवटीला सांगितलं, पंचवटीनं उरलेल्या नाशिकला. ह्यांच्या भावाला घाटावर यजमान मिळतात, ह्यांना घरबसल्या मिळायला लागले. मी समोर असले की हे पट्टीला हात लावायचे नाहीत. मी समजले, ऐकलं बाई एकदाचं. डोंबल ऐकलं!

याच दिवसांत सई आली. सई माझ्या भावाची मुलगी, पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कशावर, तर पेशी चालतात कशा यावर. हे मला आधीपासून माहीत होतं, पण मी आपलं लोकांना 'कॅन्सरवर काहीतरी' असं सांगायची, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात. येताना तिनं काकांसाठी एक छोटी कुंडी आणली, कसलंसं जाडजूड पानांचं रोप, आणि वर मातीवर गुळगुळीत पांढरे खडे पसरलेले. मी म्हटलं, "अगं, यांच्यासाठी आणखी खडे कशाला?" तशी ती हसली आणि कुंडी गॅलरीत ठेवून आली.

मग तिनं लॅपटॉप उघडला. काचेच्या ताटलीत पेशींचा थर होता, आणि मध्ये सुईनं ओढलेला ओरखडा. रात्रभराचं चित्रण पळवून काही क्षणांत दाखवत होती. ओरखड्याच्या दोन्ही काठांवरच्या पेशी रिकाम्या जागेत सरकत होत्या. पुढच्या बाजूला पातळ झालर फडफडत पसरे, टेके, आणि मग मागचं अंग ओढत येई. काठ जवळजवळ येत गेले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"काका, तुमच्या अंगठ्यात आत्ता हेच चाललंय," सई म्हणाली. "जखमेच्या कडेच्या पेशी चालत निघाल्यात."

"पाय कुठंयत त्यांना?" ह्यांनी विचारलं.

"पाय नाहीत, हाडं नाहीत. पण आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. आपला सांगाडा एकदा झाला की झाला. त्यांचा सारखा मोडतो आणि सारखा बांधला जातो. ॲक्टिन नावाचे मण्यांसारखे कण असतात. ते एकापुढं एक जोडले जाऊन धागा लांबतो आणि पेशीचा पुढचा पडदा बाहेर ढकलतो. ती ही झालर. झालर खालच्या जागेला चिकटते. मग मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन ते धागे ओढतं, मागची पकड सुटते आणि मागचं अंग पुढं खेचलं जातं. मागचे मणी सुटे होतात आणि तेच पुन्हा पुढं लावले जातात."

हे पडद्याकडं बघत म्हणाले, "म्हणजे मांडववाल्यासारखं. बांबू मोजकेच. मागचे सोडायचे, पुढं रोवायचे. मग मांडवच चालत निघणार."

सई टुणकन उडालीच. "काका! काय बोललात! हे मी माझ्या भाषणात वापरू?"

आता बघा, ज्या माणसाचं नावसुद्धा कोणी भाषणात नीट घेतलं नाही, त्याला ही पुण्याची संशोधक विचारतेय, तुमचं वाक्य माझ्या भाषणात घेऊ का! हे लाजले हो. साठी उलटलेला माणूस कानापर्यंत लाल झाला.

सईनं पुढचंही नीट समजावलं. कडेच्या पेशीला एका बाजूला शेजारी नसतो, म्हणून ती त्या बाजूला चालायला लागते. समोरून दुसरी भेटली, टेकली, की थांबते. अशा सगळ्या भेटल्या की जखम बुजली. मधुमेहात त्या मुळातच रेंगाळतात. "म्हणून त्यांना ओल लागते, ऊब लागते आणि शांतता लागते," ती म्हणाली. "पट्टी उघडली की जागा सुकते. ओढून काढली तर जेवढ्या पुढं आल्या तेवढ्या पट्टीबरोबर निघून येतात. मग बिचाऱ्यांना पहिल्यापासून. समजलं ना काका?"

"समजलं," हे म्हणाले. आणि खरंच समजलं होतं. सगळं समजलं होतं, एवढं शेवटचं सोडून.

पंधरवडा गेला. तेजश्री दर खेपेला पट्टी उघडायची आणि तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "बाई, मला कळत नाही. जंतू नाहीत. साखर आटोक्यात आहे. रक्त नीट पोचतंय. मग कडा पुढं का सरकत नाहीत?" शेवटी तिनं मला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "असंच राहिलं तर जखम हाडापर्यंत जाईल. मग अंगठा काढावा लागेल. आणि मधुमेहात अंगठ्यावर भागतं असं नाही, बाई. तुम्हाला सांगून ठेवते."

घरी येताना रिक्षात मी एक अक्षर बोलले नाही, तर ह्यांनीच विचारलं, "तुला बरं नाहीये का?"

दुसऱ्याच दिवशी शिकवणीला दोनच पोरं आली, म्हणून मी त्यांना सोडून लवकर घरी परतले. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत गेले तर काय! हॉलच्या मधोमध आरामखुर्ची, तिच्यात हे. पाय स्टुलावर, पट्टी शेजारी ताटलीत. ऑफिसातली जुनी मंडळी गोल करून बसलेली. शेजारची हर्षाली मोबाईलचा टॉर्च धरून उभी. आणि ह्यांच्या हातात विझलेल्या उदबत्तीची काडी, ती फिरवत हे दाखवतायत.

"ही कड बघा. इथून पेशी निघाल्यात. पुढं झालर पसरायची, चिकटवायची, मागचं ओढून घ्यायचं. मागचे बांबू सोडून पुढं."

कोंडाजी सगळ्यांत पुढं बसला होता. हा सायखेड्याचा, ह्यांच्याच खात्यात कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला होता. मधुमेह्याच्या भेटीला करंडाभर द्राक्षं घेऊन आला होता, म्हणजे बघा. तो वाकून वाकून दमला. "सायेब, मला तं कायबी चालताना दिसंना."

"फार हळू चालतात रे."

"आपल्या हापिसातल्या फायलीवानी का?"

सगळे हसले. हेही हसले, आणि मी तर ह्यांना असं मान मागं टाकून हसताना कधी पाहिलंच नव्हतं. मग हे काडी जखमेजवळ नेऊन जरा काळजीनं म्हणाले, "पण एक कळत नाही. काल इथपर्यंत आल्या होत्या. आज परत मागं गेलेल्या दिसतात."

"मागं नाही गेल्या!" मी दारातून ओरडले. "कालच्या पट्टीला चिकटून केराच्या डब्यात गेल्या!"

टॉर्च विझला. कुसाबाई, आमची कामवाली, चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती तशीच उलट्या पावली स्वयंपाकघरात गेली. म्हणजे रोजचा चहाही ठरलेला होता, आणि घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं! मंडळी चपला शोधायला लागली. कोंडाजी जाता जाता म्हणाला, "वहिनी, सायेबांवर रागावू नगा. लय छान सांगत्यात."

मी रागावणार नाही तर काय आरती ओवाळणार? दार लावलं आणि जे तोंड सोडलं ते सोडलं. "अंगठा जाणार आहे तुमचा! नुसता अंगठा नाही, पुढं पायही जाईल! त्या पोरीनं एवढं पोटतिडकीनं समजावलं, तुम्ही मान डोलावलीत, आणि त्याच पेशी लोकांना दाखवायला रोज उपटून काढताय? अक्कल गहाण ठेवलीत का?"

हे नवी पट्टी गुंडाळत होते. नेहमीसारखे गप्प बसतील असं मला वाटलं. पण बोलले.

"पट्टी बांधलेली असताना मी बोललो, की लोक जरा वेळानं मोबाईल काढतात. उघडी असली की ऐकतात." मग म्हणाले, "मालिनी, आजवर मला कोणी म्हणालं नव्हतं की गोविंदराव, जरा दाखवा, जरा सांगा. मला फार बरं वाटतं गं."

मी नेहमीचं उत्तर दिलं. "गप्प बसा आता," म्हटलं आणि तेजश्रीला फोन लावला.

तेजश्रीनं सगळं ऐकून घेतलं, दवाखान्यात बोलावलं, आधी कपाळाला हात लावला आणि मग ह्यांच्या पायाला प्लास्टर घातलं. पोटरीपर्यंत. मोडलं काहीच नव्हतं, पण अशा जखमांना ते चालतं म्हणाली. जखमेवर भार येत नाही आणि मुख्य म्हणजे ते कुणाला उघडता येत नाही. दर आठवड्याला ती स्वतः कापायची, बघायची, नवं घालायची. आमच्या ह्यांच्या देवळाला असं बाहेरून कुलूप लागलं.

मंडळी आली, नाही असं नाही. पांढरं प्लास्टर बघितलं. "आत आहे होय?" म्हणाली. हे सांगायला लागले, झालर, मणी, बांबू, सगळं होतं तेच. पण मंडळी प्लास्टरकडं बघत, मग भिंतीकडं, मग घड्याळाकडं. बंद देवळाच्या दारात कोण ताटकळतं? चहाचे कप कमी झाले. भाऊजी एकदा आले ते कुंभात कुठल्या आखाड्याला कुठं जागा मिळणार हे सांगून गेले, आणि ह्यांनी ऐकून घेतलं. हर्षाली लिफ्टमध्ये भेटली की 'काका बरे ना?' विचारायची आणि उत्तर यायच्या आत तिचा मजला यायचा. एकटा कोंडाजी फोन करायचा, पण त्याला रेंज नसायची.

उरले आम्ही दोघं. मी भाजी निवडायला बसले की हे सुरू करायचे, "मालिनी, तुला माहितीये का, त्या धाग्यांशिवाय आत नळ्याही असतात, त्यांच्यामुळं पेशीला कळतं पुढं कुठलं आणि मागं कुठलं. सईनं फोनवर सांगितलं." मी म्हणायची, "अहो, थांबा जरा, शिट्ट्या मोजतेय." शिट्ट्या झाल्या की माझं काहीतरी सांगायचं असायचं, आणि ह्यांचं राहून जायचं. एकदा तर टेबलावर पंजा पसरून, बोटं दाबून, मनगट पुढं ओढून दाखवायला लागले. मी म्हटलं, "हात उचला, टेबल पुसायचंय."

पण प्लास्टरच्या आत काम चालू होतं. शांततेत, ओलीत, कुणाचं लक्ष नसताना. दर आठवड्याला तेजश्री म्हणायची, "सरकल्या बाई, सरकल्या." आणि संक्रांतीनंतर एकदा तिनं प्लास्टर कापलं, दिव्याखाली बघितलं आणि टाळीच वाजवली. काठ काठाला भेटला होता. गुलाबी, पातळ, नवीकोरी कातडी. मी तिथंच, दवाखान्यात, सगळ्यांसमोर रडले. वाचला हो अंगठा. पाय वाचला. हे खाली वाकून बघत होते. म्हणाले, "थांबल्या म्हणायच्या आता," आणि मोजा चढवला.

तेजश्रीनं जाताना बजावलं, "बाई, काकांना पायात काही टोचलेलं कळत नाही, हे विसरायचं नाही. दुसऱ्यांदा झालं तर मी अंगठा वाचवीन असं सांगू शकत नाही. रोज बूट घालायच्या आधी हात घालून बघायचं, उलटा करून झटकायचा." हे काम मी माझ्याकडं घेतलं. ह्यांच्यावर सोडायला मी काय वेडी आहे?

आनंदात मी सगळ्यांना फोन केले. बरं झालं म्हणून बघायला या, असं काही मी म्हटलं नाही, पण कोणीतरी येईल असं वाटलं होतं. बऱ्या झालेल्या अंगठ्याला बघायला कोणी आलं नाही. भाऊजी फोनवर म्हणाले, "छान, छान," आणि मागं यजमान खोळंबले होते. हे रोज तयार होऊन, पाय पुसून, आरामखुर्चीत बसायचे. लिफ्ट वाजली की मान वर करायचे. मग तीही करेनासे झाले. कारकुनीतले जुने गोविंदराव परत आले, एवढंच की आता त्यांना बोलायला येत होतं.

परवा सकाळची गोष्ट. हे न्हाणीघरात होते. फिरायला जायची तयारी म्हणून मी नेहमीसारखा डावा बूट झटकला. काही नाही. उजवा उलटा केला आणि टाचेवर चापट मारली. टक् करून फरशीवर काहीतरी पडलं.

खडा होता. मला वाटलं, रस्त्यावरचा. उचलून बघितला. रस्त्यावरची खडी काळी, धारदार असते. हा पांढरा होता, चपटा, हाताला गुळगुळीत. मी गॅलरीत गेले. सईच्या कुंडीत पांढऱ्या खड्यांच्या मध्ये एक मातीचा ठिपका उघडा पडला होता, बरोबर एवढाच.

खडा काही पेशी नव्हे, गॅलरीतून आपल्या आपण सरकत सरकत बुटात जायला.

असा संताप आला म्हणून सांगू! वाटलं, न्हाणीघराचं दार बडवावं, बाहेर ओढावं आणि विचारावं, लाज नाही वाटत? पाय घालवायचा? त्या पोरीनं जिवाचं रान केलं, मी नवस बोलले, आणि तुम्ही? सगळी वाक्यं तोंडात आली, एकापुढं एक. पण संतापाच्या मागोमाग ह्यांचं ते वाक्य आठवलं, 'मला फार बरं वाटतं गं.' मी तशीच कुंडीपाशी उभी राहिले. आत ह्यांनी बादली पालथी घातल्याचा आवाज आला.

मी खडा मुठीत घेतला, बूट पुन्हा जागेवर ठेवले आणि चहा टाकला. हे बाहेर आले, केस विंचरले, बुटांकडं गेले. माझ्याकडं एकदा बघितलं, पटकन नजर काढून घेतली.

"बूट नंतर घाला," मी म्हटलं. "आधी इकडं बसा."

"उशीर होईल."

"कोण खोळंबलंय तुमच्यासाठी? बसा म्हणते ना."

बसले. मी समोर बसले. कुकर गॅसवर होता, तो उठून बंद केला आणि परत येऊन बसले. मोबाईल पालथा घातला. हे माझ्याकडं असं बघत होते, जसं आता तेजश्रीनं बाहेर बोलावून काहीतरी सांगितलंय.

"ते पेशींचं सांगा," मी म्हटलं.

"कुठलं?"

"त्या चालतात कशा, ते."

"तुला माहितीये की सगळं."

"नाही माहीत. मी कुठं कधी धड ऐकलंय? सांगा."

ह्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. टेबलावर उजवा पंजा पसरला, बोटं पुढं ताणली. "ही झालर," म्हणाले. आधी घोगरं, मग जरा मोकळं. "आतले धागे पुढं वाढतात, म्हणून ती पसरते. आता ही चिकटली." बोटं दाबली. "आता आतून ओढ बसते, आणि मागचं सुटतं." मनगट पुढं आलं. परत बोटं. परत मनगट. मध्येच माझ्या जिभेवर दोनदा काहीतरी आलं, मी ते चहाबरोबर गिळलं आणि "मग?" एवढंच म्हटलं. हात सरकत सरकत टेबलाच्या मध्यावर आला, माझ्या कपाला वळसा घालून माझ्या बोटांना टेकला आणि थांबला.

"आता?" मी विचारलं.

"आता झालं. समोर कोणी भेटलं की थांबायचं असतं."

दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट दाबलेला तो खडा मला टोचत होता. मला टोचलेलं कळतं.

"एवढ्यात कसं झालं?" मी म्हटलं. "घ्या हात मागं. पहिल्यापासून सांगा."